पुरुषांमधला जननेंद्रियाचा हर्पिस: लक्षणं कशी ओळखायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी त्वचा व गुप्तरोगाची डॉक्टर आहे. आत बाई डॉक्टर बसलीय हे बघून दारातूनच मागे फिरणारे पुरुष मी कितीतरी पाहिलेत. जे आत येतात ते आधी दार नीट लागलंय का बघतात आणि मग म्हणतात, "खाली जरा त्रास आहे." तोवर पंधरा दिवस उलटून गेलेले असतात. खिशात मलमाच्या दोन-तीन अर्ध्या पिळलेल्या ट्यूब असतात. मूळ फोड कधीच गेलेला असतो, मागे राहिलेली असते मलमांनी चिघळलेली कातडी. त्या कातडीवरून "हे काय होतं?" याचं उत्तर देणं फार कठीण जातं. हर्पिस पहिल्या दोन-तीन दिवसांत जेवढा स्पष्ट दिसतो तेवढा नंतर कधीच दिसत नाही. पेशंट पंधराव्या दिवसाऐवजी दुसऱ्या दिवशी यावा, म्हणून मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत.

हर्पिस म्हणजे आपली नागीणच ना?

नाही. हा घोळ आपल्याकडे सगळ्यात जास्त होतो, म्हणून तो आधी सोडवते.

नागीण म्हणजे हर्पिस झोस्टर. लहानपणी कांजिण्या झालेल्या असतात, तोच विषाणू शरीरात दडून राहतो आणि पुढे कधीतरी अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखे फोड आणतो. नागिणीचा लैंगिक संबंधाशी काही संबंध नाही. तिने वेढा पूर्ण केला की माणूस दगावतो, हेही खरं नाही.

या पानाचा विषय आहे हर्पिस सिम्प्लेक्स. हा त्याच कुळातला, पण वेगळा विषाणू. त्याचे दोन प्रकार आहेत: एचएसव्ही-1 आणि एचएसव्ही-2. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला ज्या पुळ्या उठतात त्या बहुतेक वेळा एचएसव्ही-1 मुळे. जननेंद्रियावर येतो तो जास्त करून एचएसव्ही-2, पण मुखमैथुनातून एचएसव्ही-1 सुद्धा तिथे पोचतो.

रिपोर्टवर नुसतं "हर्पिस" लिहिलेलं असलं तर पुढचा शब्द वाचा, झोस्टर आहे की सिम्प्लेक्स. कमरेवरच्या नागिणीच्या कागदावर हर्पिस हा शब्द वाचून घरात भांडणं झालेली मला माहीत आहेत. क्वचित नागीण जांघेत किंवा शिश्नावरही उठते. तेव्हा ती शरीराची मधली रेघ सहसा ओलांडत नाही आणि त्याच बाजूच्या कुल्ल्यावर, मांडीच्या मागेही फोड असतात. तिथे डॉक्टरनेच बघायला हवं, कारण दोन्हीला गोळी तीच असली तरी डोस वेगळा असतो.

पुरुषांमध्ये नेमकं दिसतं काय?

पहिल्या दिवशी एखाद्या जागी कातडी लाल होते, हुळहुळते. कपडा घासला तरी जाणवतं. दुसऱ्या दिवशी त्या लालीवर बारीक फोडांचा पुंजका उठतो. फोड मोहरी ते बाजरीच्या दाण्याएवढे, आत स्वच्छ पाणी. भिजवलेला साबुदाणा एकमेकांना चिकटून बसावा तसे ते दिसतात. एकटा-दुकटा मोठा फोड ही हर्पिसची सवय नव्हे, पुंजका हीच खूण. एक-दोन दिवसांत आतलं पाणी गढूळ होतं, फोड फुटतात आणि उथळ, ओल्या, खूप दुखणाऱ्या जखमा राहतात. शेजारशेजारच्या जखमा मिसळल्या की एकच मोठी जखम तयार होते, पण तिची कड नीट बघितली तर लहान लहान अर्धगोल जोडल्यासारखी नागमोडी असते. फोड गेल्यावरही ही कड काही दिवस आम्हाला सांगत राहते की इथे पुंजका होता.

पुढे काय होतं ते जागेवर अवलंबून आहे. शिश्नाच्या दांड्यावर, जांघेत, मांडीवर, कुल्ल्यावर कातडी कोरडी असते, तिथे खपली धरते. पुढच्या कातडीच्या आत आणि शिश्नमुंडावर, म्हणजे कातडी मागे केल्यावर दिसणाऱ्या टोकाच्या गोल भागावर, कायम ओलावा असतो. तिथे फोड इतके लवकर फुटतात की बऱ्याच जणांना ते दिसतच नाहीत. थेट लाल, सोलपटल्यासारख्या जखमाच दिसतात. म्हणून "मला फोड कधी आलेच नाहीत" एवढ्यावर हर्पिस नाही असं ठरत नाही. सुंता झालेल्या पुरुषात हाच आजार दांड्यावरच्या खपल्यांच्या रूपात जास्त दिसतो.

जखमा भरल्यावर साधारणपणे व्रण राहत नाही. काही दिवस फिकट किंवा काळपट डाग राहतो, मग तोही जातो.

अंडकोष, गुदद्वाराभोवतीची जागा आणि कुल्ले इथेही फोड येऊ शकतात. कंडोमने झाकली न जाणारी ही सगळी जागा लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

फोड येण्याआधी काही कळतं का?

ज्याला हा त्रास आधी होऊन गेलाय त्याला बहुतेक वेळा कळतं. त्याच जागी मुंग्या येतात, जळजळतं, खाज सुटते. काहींना कुल्ल्यातून मांडीकडे कळ जाते, कंबर धरल्यासारखी वाटते. ते समजतात बाइकवर जास्त बसणं झालं. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत फोड उठतात. कधीकधी नुसत्या मुंग्या येऊन जातात आणि पुढे काहीच होत नाही.

यामागचं कारण असं: विषाणू कातडीतून शिरला की मज्जातंतूच्या धाग्याने वर चढतो आणि कण्याच्या खालच्या टोकाजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत जाऊन बसतो. तिथे तो आयुष्यभर राहतो. पुन्हा जागा झाला की त्याच धाग्याने खाली उतरतो. म्हणून कळ कुल्ल्यातून येते आणि फोड दरवेळी जवळपास त्याच ठिकाणी उठतात.

पहिल्या वेळच्या आणि नंतरच्या त्रासात काय फरक असतो?

संबंध आल्यापासून साधारण 2 ते 12 दिवसांत पहिला झटका येऊ शकतो. तो सहसा सगळ्यात जोराचा असतो. दोन्ही बाजूंना फोड, आठवडाभर नवे नवे पुंजके, सोबत ताप, अंगदुखी, डोकेदुखी. दोन्ही जांघांत गाठी सुजतात आणि दाबल्या की दुखतात, गावाकडे ज्याला अवधाण आलं म्हणतात तसं. औषध घेतलं नाही तर पूर्ण बरं व्हायला 2 ते 4 आठवडे लागतात.

पुन्हा येतो तेव्हा तो आटोपशीर असतो. एकाच बाजूला, नाण्याएवढ्या जागेत, ताप नाही, आठ-दहा दिवसांत साफ. एचएसव्ही-2 असेल तर पहिल्या वर्षात चार-पाच वेळा त्रास होणं नेहमीचं आहे, पुरुषांत बायकांपेक्षा थोडं जास्तच. एचएसव्ही-1 असेल तर वर्षातून एखाद्या वेळी, किंवा परत नाहीच. वर्षं जातात तसं दोन्हींचं प्रमाण कमी होत जातं.

मात्र विषाणू शरीरात असलेल्या बहुतेकांना असा ठळक झटका कधी येतच नाही, किंवा इतका सौम्य येतो की लक्षात राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 सालासाठीच्या अंदाजानुसार जगात 15 ते 49 वयाच्या सुमारे 84 कोटी 60 लाख लोकांना जननेंद्रियाच्या हर्पिसचा संसर्ग आहे, म्हणजे पाचांत एकाहून जास्त. यातल्या बहुतेकांना आपल्याला तो आहे हे माहीतच नाही.

मला फोड नाही, फक्त बारीक चीर पडते आणि चार दिवसांत भरते. तरी हर्पिस असू शकतो?

असू शकतो. पुढच्या कातडीवर दर दीड-दोन महिन्यांनी त्याच जागी चीर पडत असेल आणि पडण्याआधी तिथे मुंग्या येत असतील तर हर्पिसचा विचार करायलाच हवा. कधी नुसता लाल चट्टा, कधी केसांच्या मुळाशी आलेल्या पुळ्यांसारखं काहीतरी, अशा साध्या वेषातही तो येतो.

पण चिरेचं आणखी एक कारण मला रोज दिसतं, आणि ते म्हणजे मधुमेह. पुढच्या कातडीच्या कडेला एकच नव्हे तर गोलाकार चार-पाच चिरा, कातडी मागे घेताना दुखणं, आत पांढरट थर, खाज: हे बुरशीचं चित्र आहे. चाळिशीच्या माणसात ते बघितलं की मी आधी साखर तपासते. कितीतरी जणांचा मधुमेह या चिरांमुळेच पहिल्यांदा हाती लागलाय.

मग दुसरं काय काय असू शकतं? मी घाबरून इंटरनेटवर फोटो बघतोय.

फोटो बघणं थांबवा. इंटरनेटवर सगळ्यात वाईट, सगळ्यात पुढे गेलेल्या केसचे फोटो असतात, तुमचं तसं नसतं. फरक कसा करायचा ते सांगते.

उपदंश (सिफिलिस), म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडची गरमी. यात बहुधा एकच जखम असते, बोटांत धरली तर बुडाशी बटणासारखी कडक लागते आणि दुखत नाही. जखम दुखत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो, तीन ते सहा आठवड्यांत ती आपोआप भरतेही, आणि आजार आतल्या आत पुढे सरकतो. हर्पिस दुखतो आणि पेनिसिलिनने जात नाही. उपदंश दुखत नाही आणि पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो. म्हणजे दुखणारी जखम घेऊन आलेल्यापेक्षा न दुखणारी घरी ठेवून बसलेल्याची मला जास्त काळजी वाटते. दोन्ही एकत्रही असू शकतात, त्यामुळे जननेंद्रियावर जखम असलेल्या प्रत्येकाची उपदंशाची रक्ततपासणी व्हायलाच हवी.

गोळीची ॲलर्जी. याबद्दल लोकांना जवळजवळ काहीच माहीत नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. एक गृहस्थ माझ्याकडे आले. "दोन वर्षं हर्पिस आहे," म्हणाले. दर दोन-तीन महिन्यांनी शिश्नमुंडावर त्याच जागी जखम, दर वेळी हर्पिसच्या गोळ्यांचा कोर्स. बघितलं तर रुपयाच्या नाण्याएवढा, एकसंध, जांभळट काळा गोल, मध्ये सोललेला. पुंजका नाही, नागमोडी कड नाही. विचारलं, जखम यायच्या आदल्या दिवशी कुठली गोळी घेतली होती? त्यांना आठवेना. त्यांच्या बायकोला आठवलं. यांचं पोट बिघडतं, आणि मेडिकलमधून जुलाबाची तीच गोळी येते. ती गोळी बंद केली, पुन्हा जखम आली नाही. डाग मात्र बरेच महिने राहिला. जुलाबावरच्या, दुखण्यावरच्या आणि काही अँटिबायोटिक गोळ्यांनी हे होतं. गोळी घेतल्यावर काही तासांत त्याच जागी तोच डाग पेटतो. दोन वर्षं त्या माणसाने स्वतःला गुप्तरोगी समजून काढली होती, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

खरूज असेल तर शिश्नावर आणि अंडकोषावर गाठी येतात, रात्री खाज असह्य होते, आणि बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, घरातल्या इतरांनाही खाज असते. गजकर्ण जांघेत पसरतं, त्याची कड वर उचललेली, मध्ये साफ, भयंकर खाज, पण फोडांचा पुंजका नाही. दाढीचं ब्लेड तिथे वापरल्यावर उठणाऱ्या पुळ्यांतून केस बाहेर आलेला दिसतो. मस्से दुखत नाहीत आणि हळूहळू वाढतात.

शिश्नमुंडाच्या कडेने मोत्यांच्या माळेसारखे ओळीत बसलेले बारीक, सारख्या आकाराचे दाणे आणि दांड्यावरच्या कातडीतले पिवळसर कण, हे आजारच नाहीत. ते शरीराचे मूळचेच भाग आहेत. कॉलेजातली मुलं यांच्यापायी झोप घालवतात. वर्षभर जसेच्या तसे असलेले दाणे हर्पिसचे नसतात, कारण हर्पिस रोज रूप बदलतो.

लघवीला जळजळ होते. तो हर्पिस असतो का?

फोडांवरून लघवी गेली की आग होते, ती वरून लागते. विषाणू मूत्रमार्गातही असेल तर जळजळ आतून होते आणि टोकाला पातळ, चिकट पाणी दिसतं. घट्ट, पिवळा पू येत असेल तर परम्याची (गोनोरियाची) शंका जास्त. त्याला वेगळी औषधं लागतात, हर्पिसच्या गोळ्यांनी तो जाणार नाही.

आज सकाळीच फोड दिसला. आता मी काय करू?

काहीही लावू नका. मेडिकलमधून मिळणारं "तीन-इन-वन" मलम तर अजिबात नको. त्यात बहुतेक वेळा जोरदार स्टिरॉइड असतं. त्याने लाली उतरते, बरं वाटतं, आणि विषाणूला मोकळं रान मिळतं. हळद, चुना, जंतुनाशक द्रव, काही नको. अंगावरच्या सगळ्यात नाजूक कातडीवर ते भाजल्यासारखं काम करतं.

चांगल्या उजेडात मोबाइलवर फोटो काढून ठेवा, तारखेसकट. चेहरा येऊ देऊ नका, फोटो कुणालाही पाठवू नका, डॉक्टरला दाखवून झाला की पुसून टाका. डॉक्टरकडे जाईपर्यंत फोड गेला तरी फोटो उपयोगी पडतो. फोड फोडू नका. हात लागला तर साबणाने धुवा, त्या हाताने डोळे चोळू नका. संबंध पूर्ण थांबवा. आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी दाखवा.

दुखणं कमी करायला अर्धा लिटर कोमट पाण्यात चमचाभर मीठ घालून त्याने जागा हलकेच धुवा, टिपून कोरडी करा, सैल सुती चड्डी घाला. लघवीला आग होत असेल तर लघवी करताना मगाने वरून पाणी सोडत राहा, आग निम्म्याहून कमी होते. आग होते म्हणून पाणी पिणं कमी करू नका. लघवी जितकी घट्ट तितकी ती जास्त झोंबते.

कोणती तपासणी करायची?

ताज्या फोडाच्या तळातून कापसाच्या काडीने नमुना घेऊन पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी. ही सगळ्यात भरवशाची तपासणी, आणि विषाणू 1 आहे की 2 हेही तीच सांगते. पहिल्या दोन दिवसांत नमुना घेतला तर उत्तम. खपली धरल्यावर विषाणू हाती लागत नाही, तेव्हा निगेटिव्ह रिपोर्टला फारसा अर्थ राहत नाही. काही दवाखान्यांत फोडाचा तळ खरवडून काचपट्टीवर बघतात, त्याला झँक स्मिअर म्हणतात. स्वस्त आहे, लगेच होते, पण त्यातून हर्पिस सिम्प्लेक्स आणि नागीण वेगळे ओळखता येत नाहीत. अनुभवी डॉक्टरला ताजा पुंजका दिसला तर तो तपासणीची वाट न बघता औषध सुरू करतो, आणि तेच योग्य आहे.

रक्ताच्या तपासणीबद्दल मात्र कळकळीने सांगते. आयजीएम आणि आयजीजी हे विषाणूविरुद्ध शरीराने रक्तात तयार केलेल्या प्रतिपिंडांचे दोन प्रकार. त्यातल्या "हर्पिस आयजीएम" या तपासणीवर विसंबू नका. ती चुकीची पॉझिटिव्ह येते, जुना की नवा संसर्ग हे सांगत नाही, आणि अनेकदा दुसऱ्याच विषाणूच्या प्रतिपिंडांमुळे उमटते. आयजीजी तपासणीत 1 आणि 2 वेगळे दाखवणारा प्रकार निवडला तर थोडा उपयोग होतो, पण संसर्गानंतर ती पॉझिटिव्ह यायला 12 आठवड्यांपर्यंत लागू शकतात, आणि आकडा जेमतेम मर्यादेवर असेल तर तोही फसवतो. एचएसव्ही-1 चं आयजीजी तर जगातल्या निम्म्याहून जास्त लोकांत पॉझिटिव्ह निघेल, लहानपणी घरातल्यांच्या पाप्यांमधून लागलेलं. काहीही त्रास नसताना नुसत्या पॅकेजमध्ये आहे म्हणून ही तपासणी करू नका.

मी कुठेही बाहेर गेलेलो नाही. मग मला हा आला कसा? बायकोकडून?

हा प्रश्न विचारताना माणसाचा आवाज बदलतो. म्हणून उत्तर सावकाश वाचा.

आज दिसलेला फोड म्हणजे आज लागलेला आजार, असं नाही. विषाणू कित्येक वर्षं गप्प बसून आज पहिल्यांदा वर आलेला असू शकतो. तो लग्नाआधीचा असू शकतो, तुमचा किंवा तिचा, आणि दोघांपैकी कुणालाच माहीत नसेल. बायकोच्या ओठावर तापाची पुळी असताना मुखमैथुन झालं असेल तर तिथून एचएसव्ही-1 आलेला असू शकतो, जो तिला बालवाडीच्या वयात लागला होता. हर्पिसच्या फोडावरून तारीख निघत नाही आणि माणूसही निघत नाही. बायकोचं आयजीएम पॉझिटिव्ह आलं म्हणून तिला माहेरी पाठवणाऱ्या नवऱ्याला मी समोर बसवून हे समजावलंय. गरोदरपणातल्या टॉर्च नावाच्या रक्ततपासणीत हर्पिसचं आयजीएमही असतं, आणि त्या एका ओळीने आपल्याकडे संसार हादरतात. त्या ओळीत तेवढी ताकद नाही.

दोघांनी एकत्र या. दोघांना एकदम सांगितलेलं सत्य घरी जाऊन वाकडं होत नाही.

फोड नसतानाही दुसऱ्याला लागतो का? टॉवेलने, संडासातून?

फोड नसतानाही लागतो. अधूनमधून कातडीवर विषाणू येतो आणि बाहेर काहीच दिसत नाही, विशेषतः एचएसव्ही-2 च्या बाबतीत. बहुतेक संसर्ग अशाच दिवसांत पसरतात. कंडोमने धोका बराच कमी होतो, पण पूर्ण जात नाही, कारण अंडकोष, जांघ, मांडीची मुळं उघडीच राहतात. फोड किंवा नुसत्या मुंग्या असताना कंडोम घालूनही संबंध नको. टॉवेल, संडासाचं भांडं, पोहण्याचा तलाव, एकत्र जेवण यांची भीती बाळगू नका. अंगाबाहेर हा विषाणू फार टिकत नाही. मुलांना जवळ घ्या, खेळवा. फक्त ओठावर पुळी असेल तेव्हा कुणाची पापी घेऊ नका, तान्ह्या बाळाची तर नाहीच.

बायको गरोदर आहे. बाळाला धोका?

नवऱ्यामुळे टळू शकणारा सगळ्यात मोठा धोका हाच आहे. बायकोला हा विषाणू आधीपासून असेल तर तिची प्रतिकारद्रव्यं बाळापर्यंत पोचलेली असतात आणि बाळाला तो लागण्याची शक्यता शेकड्यात एकाहूनही कमी. पण तिला तो गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदा लागला तर ही शक्यता 30 ते 50 टक्क्यांवर जाते, आणि नवजात बाळातला हर्पिस जीव घेऊ शकतो. त्यामुळे तुम्हाला हर्पिस आहे आणि तिला नाही, किंवा माहीत नाही, तर ते शेवटचे तीन महिने लैंगिक संबंध नकोत, मुखमैथुनही नको. तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना हे सांगा. "कसं सांगू" म्हणून गप्प राहणाऱ्यांना मी एवढंच विचारते, की बाळाच्या बारशाला कुणाला उत्तर द्यायचंय?

औषधाने हा कायमचा जातो का?

मुळापासून जात नाही. त्याची लसही अजून नाही. "हर्पिस मुळासकट घालवू" अशा भिंतीवरच्या जाहिराती, तंबूतले वैद्य आणि महिन्याला हजारोंचे कोर्स, यांत पैसे घालू नका. पुनरावृत्ती वर्षांगणिक आपोआप कमी होते आणि श्रेय ते घेतात.

पण औषध चांगलं आहे, जुनं आहे, सुरक्षित आहे. ॲसायक्लोव्हिर किंवा व्हॅलॅसायक्लोव्हिरच्या गोळ्या. पहिल्या झटक्यात त्या 7 ते 10 दिवस देतात, पहिल्या 72 तासांत सुरू झाल्या तर फरक उठून दिसतो. पुढच्या वेळी मुंग्या येताच, फोड उठायच्या आत सुरू केल्या तर कधीकधी फोड येतच नाही. वर्षात सहाहून जास्त वेळा त्रास होत असेल, किंवा जोडीदाराला जपायचं असेल, तर रोज एक ठरावीक गोळी महिनोन्‌महिने देता येते. रोज व्हॅलॅसायक्लोव्हिर घेतल्याने जोडीदाराला लागण्याचा धोका सुमारे निम्मा होतो, हे मोठ्या अभ्यासात दिसलंय. किडनीचा आजार असेल तर डॉक्टरला आधी सांगा, डोस बदलावा लागतो. याच औषधाचं मलम मात्र इथे फारसं काम करत नाही.

लगेच, रात्री-अपरात्री सुद्धा दवाखान्यात कधी जायचं?

लघवी अडली तर. पुढची कातडी मागे गेली, सुजली आणि पुढे येईना तर, कारण ही शस्त्रक्रियेची वेळ असू शकते आणि तासांचा प्रश्न असतो. डोकं ठणकतंय, मान आखडलीय, उजेड सहन होत नाही तर. डोळा लाल होऊन दुखू लागला तर. एचआयव्ही असेल किंवा कॅन्सरचे उपचार चालू असतील, आणि जखमा पसरत असतील, तरीही वाट बघू नका.

हर्पिस झाला म्हणजे एचआयव्हीही आहे का?

नाही. पण एचएसव्ही-2 असलेल्याला एचआयव्ही लागण्याचा धोका सुमारे तिप्पट होतो, कारण तुटलेल्या कातडीतून शिरायला वाट मिळते. म्हणून एकदा एचआयव्हीची तपासणी करून घ्या, आणि नुकताच संबंध आला असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात (एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात) ती मोफत होते, तुमच्या संमतीशिवाय करत नाहीत आणि निकाल गुप्त ठेवणं 2017 च्या कायद्याने बंधनकारक आहे.

लग्न ठरतंय. सांगायलाच हवं का?

हो, माझं मत स्पष्ट आहे. साखरपुड्यानंतर नव्हे, आधी. आणि घरच्या बैठकीत नव्हे, जिच्याशी लग्न करायचंय तिला एकटीला. "मला अधूनमधून हर्पिस होतो, उपचार चालू आहेत, तुला लागू नये म्हणून काय करायचं ते डॉक्टरांनी सांगितलंय, तुला त्यांना भेटायचं असेल तर आपण जाऊ." एवढी चार वाक्यं. माझ्याकडे अशी जोडपी आली आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या पत्रिका पुढे घरी आल्या. हर्पिसमुळे मूल होण्यात अडचण येत नाही, हेही तिला सांगा.

दाखवायचं कुठे? गावात सगळे ओळखतात.

त्वचारोगतज्ज्ञाकडे. आपल्याकडे त्वचा आणि गुप्तरोग हे एकाच डॉक्टरचं काम आहे, तेव्हा बाहेर बसलेल्याला तुम्ही पिंपल्ससाठी आलात की कशासाठी हे कळत नाही. खर्च परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालय किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या सरकारी दवाखान्यात जा. तिथे तपासणी, समुपदेशन आणि औषध मोफत आहे. या आजारांच्या औषधांचे संच तिथे रंगावरून ठरलेले असतात आणि हर्पिसचा संच लाल. त्यात ॲसायक्लोव्हिर 400 मिलिग्रॅमच्या 21 गोळ्या असतात, दिवसातून तीन, सात दिवस. नुसतं बोलायचं असेल तर 1097 हा एड्स हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, गुप्तरोगांबद्दलही माहिती देतात, मराठीतही.

बाई डॉक्टर असेल तर "पुरुष डॉक्टर आहेत का?" असं सरळ विचारा, त्यात आम्हाला काही वाटत नाही. नसतील तर तरीही आत या. तपासणीला दोन मिनिटं लागतात, आणि जखम ताजी असेल तर तेवढ्यात बहुतेक वेळा निदान होऊन जातं.